मेंदूचा स्कॅन सांगितलाय? चिठ्ठी हातात आल्यापासून रिपोर्टपर्यंत काय काय करायचं

डॉक्टरांनी चिठ्ठीवर एमआरआय ब्रेन लिहून दिलं की घरचे पहिलं विचारतात कुठे स्वस्त पडेल, आणि मग विचारतात की पेशंटला त्या बोगद्यात भीती तर वाटणार नाही ना. दोन्ही बरोबरच आहे. पण त्याच्याही आधी विचारायचं ते राहूनच जातं, की डॉक्टरांना नेमका कशाचा संशय आहे. मी स्कॅन सेंटरवर टेक्निशियन आहे, रोज पेशंट मशीनवर घेते, आणि मला मनापासून वाटतं की हे एवढं माहीत असेल तर अर्धं काम सोपं होतं, कारण मेंदूचा स्कॅन म्हणजे एकच एक फोटो नसतो, कशाचा संशय आहे त्यावरून मशीन वेगवेगळ्या पद्धतीने चालवावं लागतं आणि संशयच कळला नाही तर नेमकी हवी ती चित्रं राहून जाऊ शकतात. म्हणून पहिल्यांदाच या सगळ्यातून जाणाऱ्यांसाठी क्रमाने लिहिते.

पायरी १: घाई आहे का ते आधी बघा

अचानक तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळायला लागलं, एका डोळ्याने दिसेना झालं, तर हा लेख बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. ही वेळ सेंटर शोधायची नाही, स्वस्त महाग बघायची नाही, आणि सकाळपर्यंत झोपून बघू म्हणायची तर अजिबातच नाही. ज्या हॉस्पिटलमध्ये चोवीस तास सीटी आहे आणि लकव्याचं इंजेक्शन देतात तिथे थेट जायचं. गुठळी विरघळवायचं हे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही त्रास सुरू झाल्यापासून, हॉस्पिटलला पोचल्यापासून नाही. त्यामुळे पेशंट शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता ती वेळ कागदावर लिहून न्या, डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारतात. रात्री झोपला आणि सकाळी उठला तेव्हा लकवा होता, तर रात्री झोपायची वेळ सांगायची, उठायची नाही. उशीर झाला तरी घरी बसू नका, काही निवडक पेशंटमध्ये चोवीस तासांपर्यंत रक्तवाहिनीतून तार घालून गुठळी काढता येते.

अशा वेळी आधी सीटी करतात, कारण सीटी काही मिनिटांत होतो आणि ताजं रक्त त्यात पांढरंशुभ्र दिसतं. रक्तस्राव आहे की गुठळी आहे हे ठरल्याशिवाय ते इंजेक्शन देताच येत नाही, रक्तस्रावात दिलं तर जीवावर बेतेल. आता इथे एक गैरसमज हमखास होतो, सीटी नॉर्मल आला म्हणजे लकवा नाही. तसं नसतं हो. गुठळीचा लकवा पहिल्या काही तासांत सीटीत बऱ्याचदा दिसतच नाही, तो एमआरआयच्या डिफ्यूजन नावाच्या चित्रात लवकर दिसतो. म्हणून सीटी नॉर्मल असूनही डॉक्टर इंजेक्शन द्या म्हणाले तर वाद घालत बसू नका.

तसंच आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी एका क्षणात सुरू झाली, डोक्याला मार लागून उलट्या होतायत, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना कुणी पडलं, हेही सगळं लगेच सीटीचं काम. आणि वयस्कर माणूस दोनतीन आठवड्यांपूर्वी बाथरूममध्ये घसरला होता, तेव्हा काही झालं नाही आणि आता झोपाळल्यासारखा करतोय, बरळतोय, तर ते पडणं डॉक्टरांना आवर्जून सांगा. कवटीच्या आत हळूहळू रक्त साठत जातं कधी कधी, वेळेत सापडलं तर ऑपरेशनने माणूस छान बरा होतो.

पायरी २: कशासाठी स्कॅन, ते विचारून घ्या

घाई नसेल तर ओपीडीतून बाहेर पडायच्या आधी सरळ विचारा, डॉक्टर, तुम्हाला कशाचा संशय आहे आणि साधा एमआरआय पुरेल का अजून काही लिहायचंय. डॉक्टर चिडत नाहीत, चांगले डॉक्टर तर खूश होतात.

फिट आली असेल तर चिठ्ठीवर एपिलेप्सी प्रोटोकॉल, म्हणजे फिटसाठीची स्कॅनची खास पद्धत, लिहिलंय का बघा. त्यात बारीक काप घेतात आणि कानशिलाच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो तो खास कोनातून बघतात, साध्या स्कॅनमध्ये तिथला छोटा दोष निसटू शकतो. आपल्याकडे पहिल्यांदा फिट आलेल्या तरुण माणसाच्या स्कॅनमध्ये बऱ्याचदा एक छोटी गोल गाठ दिसते, आणि मग प्रश्न असतो की ही टेपवर्मची अळी आहे का टीबीची गाठ. अळीची गाठ सहसा लहान, २० मिलिमीटरच्या आतली असते आणि नशिबाने आत एक ठिपका दिसतो, ते त्या अळीचं डोकं. टीबीची गाठ बहुतेक मोठी आणि वेडीवाकडी असते. शंका राहिली तर स्पेक्ट्रोस्कोपी म्हणून एमआरआयचाच एक भाग करतात, त्यात गाठीतली रसायनं कळतात, टीबीच्या गाठीत चरबीचा उंच टोक येतो. घरचे हटकून म्हणतात आम्ही माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही, आमच्याकडे अळी कुठून येणार. तर टेपवर्मची, म्हणजे पोटातल्या पट्टकृमीची, अंडी न धुतलेल्या भाजीतून, खराब पाण्यातून, हात न धुता स्वयंपाक करणाऱ्याच्या हातून पोटात जातात, त्यामुळे शाकाहारी माणसालाही होते. त्यात लाजण्यासारखं काही नाही, औषधाने बरी होते.

बाळंतपणानंतर पहिल्या काही आठवड्यांत डोकं सतत दुखतंय, वाढत चाललंय, दिसायला अंधुक झालं किंवा फिट आली, तर एमआर व्हेनोग्राफी, म्हणजे मेंदूतल्या शिरांचा एमआरआय, पण करायची का हे नक्की विचारा. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी होते, आणि साध्या एमआरआयमध्ये ती नजरेआड होऊ शकते. बाळंतिणीचं डोकं दुखणारच, वारं लागलं असेल, असं म्हणून घरी दिवस काढले जातात आणि मग ती थेट फिटमध्येच आमच्याकडे येते, तेव्हा फार जीव तुटतो. तिला पाणीही भरपूर द्या, अंगातलं पाणी कमी झालं की गुठळीचा धोका वाढतो.

हात थरथरतायत, पार्किन्सन वाटतोय, तर समजून घ्या की साधा एमआरआय पार्किन्सनमध्ये बहुतेक नॉर्मलच येतो, तो दुसरं काही कारण नाही ना हे बघायला करतात. पार्किन्सनचं निदान मुख्यतः न्यूरॉलॉजिस्ट चालणं, हालचाली, हाताचा ताठरपणा तपासून करतात. तरी शंका राहिली तर ट्रोडॅट स्कॅन असतो, त्यात डोपामिन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं मेंदूतलं रसायन, बनवणाऱ्या पेशी किती शिल्लक आहेत त्याचा अंदाज येतो, काही औषधं त्याच्या आड येतात म्हणून चालू गोळ्यांची यादी आधी दाखवायची.

आजीआजोबा विसरायला लागलेत, तर पहिला एमआरआय हा बरं होण्यासारखं काही आहे का ते बघायला, म्हणजे मघाशी सांगितलं ते साठलेलं रक्त, मेंदूत पाणी वाढणं, गाठ. ते नसेल तर कुठला भाग आक्रसलाय त्यावरून अल्झायमरचा अंदाज बांधतात. पेट स्कॅन हा त्याच्या पुढचा टप्पा, सगळ्यांना लागत नाही आणि महागही आहे. त्यात किरणोत्सारी साखर शिरेतून देतात, मेंदूचा कुठला भाग साखर कमी खातोय ते दिसतं. त्यातल्या किरणोत्सारी फ्लोरिन-१८ चं आयुष्य इतकं कमी की ११० मिनिटांत निम्मं संपतं, त्यामुळे ते सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रातून रोज ताजं बनवून आणावं लागतं. देशात पेटची सुरुवात मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमधून २००२ मध्ये झाली. त्या साखरेमुळेच पेटची वेळ चुकवायची नसते, एक तास उशीर झाला तर तुमचा डोस तिथेच बसल्या बसल्या कमी होत असतो.

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, यात मेंदूत आणि मणक्यात डाग पडतात) याचा संशय असेल तर मेंदूबरोबर मणक्याचाही एमआरआय आणि कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उठून दिसायला शिरेतून देतात ते औषध, लागू शकतो, जुने डाग आणि नवे डाग वेगळे ओळखायचे असतात. दोन फेऱ्या मारण्यापेक्षा एकदाच विचारून घ्या. आणि जुनी अर्धशिशी, तपासणीत सगळं ठीक, काही बदललेलं नाही, अशा वेळी डॉक्टर स्कॅन नको म्हणाले तर आग्रह करू नका, नको तिथे स्कॅन केला की नको ते सापडतं आणि झोप उडते.

पायरी ३: सेंटरला फोन करून हे विचारा

मशीन किती टेस्लाचं आहे ते विचारा, टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप. बहुतेक कामाला १.५ टेस्ला पुरतं, फिटचा बारीक दोष शोधायचा असेल तर ३ टेस्ला बरं. ओपन एमआरआय म्हणून जे असतात त्यातल्या बऱ्याच मशीनची ताकद कमी असते, गुदमरणाऱ्या पेशंटला बरं वाटतं पण बारीक गोष्टी नीट दिसत नाहीत. मग कॉन्ट्रास्टचे पैसे वेगळे का, रिपोर्ट कधी, आणि सीडी मिळेल का. सीडी नक्की घ्या, फिल्मवर निवडक चित्रंच असतात, सगळी शेकडो चित्रं सीडीत असतात. पेशंट भरती असेल आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसत असेल तर स्कॅन बाहेरून पैसे देऊन करायच्या आधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, भेटा, पॅकेजमध्ये तपासणी धरलेली असू शकते.

जाताना जुने सगळे स्कॅन, डॉक्टरांचा केसपेपर, ऑपरेशनचे कागद घ्या. नुसतं डोकं दुखतं एवढंच लिहिलेली चिठ्ठी आमच्याकडे येते, रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांना, म्हणजे रेडिऑलॉजिस्टला, त्यातून काय कळणार. त्रास कधीपासून, कुठल्या बाजूला, फिट आली तर कशी आली, कॅन्सर किंवा टीबी झाला होता का, हे चार ओळीत लिहून आणलंत तर फार उपयोग होतो. फिटचा मोबाईलवर व्हिडिओ असेल तर तो न्यूरॉलॉजिस्टसाठी जपून ठेवा.

पायरी ४: तयारी, आणि धातूचं काय ते नीट समजून घ्या

सीटीमध्ये एक्सरे असतात, डोक्याच्या साध्या सीटीत साधारण २ मिलिसिव्हर्ट किरण मिळतात, निसर्गातून आपल्याला वर्षभरात जवळपास तेवढेच मिळतात. म्हणजे गरज असेल तेव्हा बिनधास्त करा, उगाच दर महिन्याला करू नका. पहिल्या पेशंटच्या डोक्याचा सीटी १९७१ मध्ये लंडनजवळ झाला, गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या मशीनवर, त्याच्या आधी जिवंत माणसाच्या मेंदूतली गाठ अशी थेट बघायची सोयच नव्हती, हे आठवलं की मला अजूनही भारी वाटतं.

एमआरआयमध्ये एक्सरे नसतात. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो, त्याला मोठ्या चुंबकात ठेवून रेडिओ लहरी सोडायच्या आणि परत येणारा सिग्नल पकडायचा, असं ते काम. पण १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकापेक्षा अंदाजे ३० हजार पट जोर, आणि मशीन शांत असलं, रात्री सेंटर बंद असलं, तरी तो चुंबक चालूच असतो, कारण तो द्रवरूप हेलियममध्ये थंड करून ठेवलेला असतो, बटण दाबून बंद होत नाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत महापालिकेच्या एका हॉस्पिटलमध्ये पेशंटचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलेंडर घेऊन खोलीत गेला, सिलेंडर मशीनकडे खेचला गेला आणि त्या तरुणाचा जीव गेला. म्हणून आम्ही दारात अडवतो, तेच तेच प्रश्न तीनदा विचारतो, त्याचा राग मानू नका.

पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीवर लावलेली क्लिप, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, इन्सुलिन पंप, यातलं काही असेल तर फोनवरच सांगा आणि इम्प्लांटचं कार्ड आणा, आता एमआरआयला चालणारे पेसमेकरही असतात पण कार्ड बघितल्याशिवाय कुणी घेणार नाही. हृदयातले स्टेंट, गुडघ्याचे सांधे बहुतेक चालतात, तरी सांगायचंच. आणि एमआयडीसीत लेथवर, ग्राइंडरवर, वेल्डिंगवर काम केलेलं असेल, कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, तर ते वीस वर्षांपूर्वीचं असलं तरी सांगा, तो कण आत राहिला असेल तर चुंबकात हलून डोळा जाऊ शकतो.

बायकांनी हेअरपिन, साडीच्या पिना, जोडवी, पैंजण, नाकातली मोरणी, सगळं घरीच काढून या, मोरणी तर आदल्या दिवशीच सोनाराकडून सैल करून घ्या, ऐनवेळी निघत नाही आणि नाक सुजतं. परकराच्या नाडीला लावलेली पिन सगळ्यात जास्त राहते. मंगळसूत्र काढायला जुन्या बायकांना नको वाटतं, काहींच्या डोळ्यात पाणीच येतं, मी जबरदस्ती करत नाही, दोरा ठेवलेला असतो माझ्याकडे, आधी तो गळ्यात बांधते आणि मग मंगळसूत्र काढून त्यांच्याच माणसाच्या हातात देते. तुम्ही घरूनच हळद लावलेला दोरा आणलात तर अजून छान. पुरुषांनी करगोटा, ताईत, पट्टा, पाकिटातली एटीएम कार्डं, मोबाईल. कवळी, कानाचं मशीन आणि दंडावरचा शुगरचा सेन्सर पण काढायचा. काजळ, मस्कारा पुसून या, काहींमध्ये लोहाचे कण असतात आणि डोळ्यांजवळची चित्रं बिघडतात.

उपाशी यायचं का? साध्या एमआरआयला नाही. कॉन्ट्रास्ट किंवा भूल असेल तर सेंटर सांगेल तितके तास, पेटला साधारण चार ते सहा तास आणि शुगर आटोक्यात हवी. पण उपाशी म्हणजे गोळ्या बंद असं नाही हं! फिटची गोळी, बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायचीच, फिटची गोळी चुकवून आलेला पेशंट टेबलावरच फिटमध्ये जाऊ शकतो. शुगरच्या गोळीचं मात्र आपल्या डॉक्टरांना विचारा. कॉन्ट्रास्टसाठी किडनीचा ताजा क्रिएटिनिन रिपोर्ट लागू शकतो, किडनीचा त्रास असेल तर लपवू नका. गरोदर असाल, शंका जरी असली, तरी सांगा. साधा एमआरआय गरज असेल तर करता येतो, कॉन्ट्रास्ट शक्यतो टाळतात.

पायरी ५: मशीनच्या आत

वीस मिनिटं ते पाऊण तास, कॉन्ट्रास्ट असेल तर थोडं जास्त. आवाज खूप मोठा असतो, ठकठक, मग घरघर, मध्येच थांबतो आणि परत सुरू, कानात बोळे किंवा हेडफोन देतो. हातात एक रबरी फुगा असतो, तो दाबला की आम्ही लगेच येतो, आत जायच्या आधीच एकदा दाबून बघा म्हणजे मनाला धीर येतो. डोळे आत जायच्या आधीच मिटा आणि बाहेर येईपर्यंत उघडू नका, भीती वाटणाऱ्यांसाठी हा सगळ्यात चांगला उपाय आहे. डोकं जरा जरी हललं तरी चित्र पुसट होतं आणि तेवढा भाग परत घ्यावा लागतो, गिळलं, श्वास घेतला तर चालतं. लहान मुलांना झोपेचं औषध किंवा भूल लागते, आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, आणि गाडीत झोपू देऊ नका.

पायरी ६: चित्रं आणि रिपोर्ट

फिल्म हातात आली की सगळे उजेडात धरून बघतात, म्हणून थोडंसं. चित्राची डावी बाजू म्हणजे पेशंटची उजवी. टी-वन चित्रात मेंदूभोवतीचं पाणी काळं, टी-टू मध्ये पांढरं, आणि फ्लेअरमध्ये ते पाणी मुद्दाम काळं केलेलं असतं म्हणजे मेंदूतला डाग पांढरा उठून दिसतो. डिफ्यूजनमध्ये ताजा लकवा चमकतो. एसडब्ल्यूआय मध्ये जुनं रक्त, कॅल्शियम काळे ठिपके दाखवतं. पांढरं दिसलं म्हणजे वाईट असं नाही, कुठल्या चित्रात पांढरं आहे त्यावर सगळं आहे.

रिपोर्टमधले शब्द बघून माणसं फार घाबरतात. एज रिलेटेड अ‍ॅट्रॉफी म्हणजे वयाने मेंदू थोडा आक्रसलाय. क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस हे वाचून साठीतले काका मला लकवा झाला म्हणून रडायला लागतात, ते बारीक रक्तवाहिन्यांचे जुने बदल असतात, हे बदल किती आहेत ते फजेकास ग्रेडने सांगतात, ग्रेड एक असेल तर त्या वयात खूप जणांना असतात, ग्रेड तीन असेल तर मात्र बीपी, शुगर, तंबाखू याकडे मनावर घेऊन बघायला हवं. ग्लायोसिस म्हणजे जुना व्रण. म्युकोसल थिकनिंग म्हणजे सायनसची सूज, मेंदूचा काही संबंध नाही. अ‍ॅरेक्नॉइड सिस्ट, मेगा सिस्टर्ना मॅग्ना हे बहुतेक जन्मापासूनचं आणि निरुपद्रवी.

पण हे शब्द दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा: अक्यूट इन्फार्क्ट, हेमरेज, मिडलाइन शिफ्ट, मास इफेक्ट, हायड्रोसेफॅलस, व्हीनस थ्रॉम्बोसिस. अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे म्हणून थांबू नका, इमर्जन्सीत जा.

क्लिनिकल कोरिलेशन असं शेवटी लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ चित्र आणि पेशंट दोन्ही बघून ठरवा. म्हणून फिल्मचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्या चार डॉक्टरांना पाठवणं खरंच उपयोगाचं नाही, काचेवर धरलेल्या फिल्मच्या फोटोत काहीही नीट कळत नाही. पेशंटला घेऊन जा, सीडी द्या. आणि रिपोर्ट नॉर्मल आला पण त्रास चालूच आहे, तर त्रास खोटा नाही, अर्धशिशी, बऱ्याच प्रकारच्या फिट, सुरुवातीचा पार्किन्सन यात स्कॅन नॉर्मल असू शकतो, पुढे ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी), रक्ततपासणी, पाठीतलं पाणी असं काही लागतं का ते डॉक्टरांनाच विचारायचं.

पायरी ७: पुढच्या वेळेसाठी

अळीची किंवा टीबीची गाठ, एमएस, ऑपरेशननंतरची गाठ यात काही महिन्यांनी परत स्कॅन असतो. शक्यतो त्याच सेंटरवर, त्याच मशीनवर करा, म्हणजे गाठ कमी झाली का वाढली हे मोजून नीट सांगता येतं, आणि दुसरीकडे करणार असाल तर जुनी सीडी सोबत न्याच, नुसता जुना रिपोर्ट पुरत नाही. सीडीवर तारीख आणि पेशंटचं नाव मार्करने लिहा, एक कॉपी कॉम्प्युटरवर किंवा पेनड्राइव्हवर टाका कारण दोनतीन वर्षांनी सीडी उघडत नाही असं होतं. इम्प्लांटचं कार्ड, शेवटचा क्रिएटिनिन आणि कॉन्ट्रास्टने अंगावर पुरळ किंवा धाप आली होती का, याचा एक फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाईलमध्ये ठेवा, कारण रात्री अडीचला पेशंटला घेऊन कोण येईल ते सांगता येत नाही आणि आम्ही दारातच हे सगळं विचारणार.